सातव्या दिवसाची भेट

माझं नाव सुला. गावात ते नाव घेणारी दोनच माणसं, एक माझा नवरा आणि दुसरी धनगरवस्तीवरची म्हातारी हरणाबाई. बाकी सगळ्यांना मी आशाताई. चौदा वर्षं कवठे महांकाळ तालुक्यातल्या आमच्या गावात आणि त्याच्या चार वस्त्यांवर मी बाळंतिणी बघत, लसीला पोरं गोळा करत आणि फॉर्म भरत फिरते आहे. फिरून फिरून टाचा फुटल्या, पण फॉर्म काही संपले नाहीत.

त्या दिवशी मी निघतानाच वैतागलेले होते. एप्रिल अर्धा उलटला होता. सकाळी क्षयरोगाच्या सर्वेक्षणाची माहिती मोबाईलमध्ये भरायला बसले, तर ते ॲप दोनदा बंद पडलं आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं. त्यात माझी पाळी आलेली, कंबर मोडून यायची तेवढी बाकी. आणि तीन किलोमीटरवरच्या धनगरवस्तीवर समीक्षाची सातव्या दिवसाची भेट राहिली होती. बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी असं घरी जाऊन बाई आणि बाळ बघायचं असतं. ऊन डोक्यावर घेऊन मी चालत गेले.

समीक्षा म्हणजे हरणाबाईच्या नातवाची, रविराजची बायको. वीस वर्षांची, पहिलटकरीण. रविराज सांगलीत टेम्पो चालवतो. घरी सासू बायडाबाई आणि सासरा. हरणाबाई तेव्हा मेंढरांबरोबर कडेगावच्या बाजूला होती. ऊस तुटलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकटचा फिरता तळ, दर वर्षी तिकडे जातो.

मी दारात पोचले तर बायडाबाई उंबऱ्यावर उभी.

"आशाताई, अडचण न्हाई न्हवं?"

बाळंतिणीच्या खोलीत पाळी आलेल्या, म्हणजे बाहेरच्या बाईनं जायचं नाही, बाळाला शिवाशिव भोवते, अंगावर पुरळ उठतं, अशी तिकडची समजूत. नोकरीच्या पहिल्या वर्षांत कुणी हे विचारलं की मी डोळ्याची पापणी न लवता 'नाही' म्हणायची आणि आत घुसायची. मग काही वर्षं भांडायची. चित्रांचा तक्ता उघडून पाळी म्हणजे काय ते सासवांना समजावून सांगायची. एका घरात तर मी पाणी प्यायलेला तांब्या माझ्या देखत राखेनं घासला होता, तरी दुसऱ्या दिवशी मी परत गेले होते. त्या दिवशी मात्र मला भांडणही नको होतं आणि खोटं बोलायचाही कंटाळा आला होता.

"हाय," मी म्हणाले.

"मग हितंच टेका. काय इचारायचं ते इचारा."

मी ओट्यावर टेकले. खरं सांगायचं तर बरं वाटलं, सावली होती.

खोलीच्या दाराला जुन्या साडीचा पडदा लावलेला आणि त्याच्या खालून धूर बाहेर येत होता. ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, वर धूप. बायडाबाई दिवसातून तीनदा शेगडी पेटवायची. वजनकाटा मी तिच्या हातात दिला. तिनं त्याच्यावर पाणी शिंपडलं, आत नेला आणि आतूनच बाळाचं वजन ओरडून सांगितलं. थर्मामीटर द्यायचा म्हणून पिशवीत हात घातला आणि तसाच बाहेर काढला. तिला तो वाचता येणार नव्हता आणि मला परत समजावत बसायचं नव्हतं.

"ताप?"

"दूध उतरताना कणकण असतीया, तेवढीच."

"पोटात दुखतं?"

"आता बाळंतीण झालीया म्हटल्यावर दुखणारच की वो."

"अंगावरून जातं त्याला घाण वास येतो का?"

"बाळंतिणीच्या खोलीला वास असायचाच."

"येतो का न्हाई तेवढं सांगा."

"न्हाई."

मी 'नाही'वर खूण केली. ताप नाही, वास नाही, पोटदुखी नाही. तेवढ्यात पडद्यामागून खाट करकरली आणि समीक्षाचा आवाज आला, "ताई..."

"बरी हाय ती," बायडाबाई म्हणाली.

"आराम कर गं," मी म्हणाले. पिशवी खांद्याला लावली आणि उठले.

मला त्यात सगळ्यात जास्त जे बोचतं ते वेगळंच आहे. मला वारेचं माहीत होतं.

समीक्षाच्या कळा दिलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधीच सुरू झाल्या, पहाटे. दवाखान्याच्या गाडीला फोन केला, पण ती पोचेपर्यंत पोरगी घरातच मोकळी झाली. बायडाबाईनंच बाळ झेललं. वार लवकर पडेना म्हणून ती घाबरली. वेळ झाला की वार वर चढते आणि बाईचा जीव घेते, असं तिनं लहानपणापासून ऐकलेलं. तिनं न धुतलेल्या हातानं नाळ धरून ओढली आणि वार बाहेर काढली. ती उघड्यावर ठेवायची नाही, कुत्र्यानं तोंड लावलं तर बाळाला भोवतं, म्हणून सासऱ्यानं लगेच मीठ-हळद घालून उकिरड्याशेजारी पुरली. गाडीतल्या सिस्टरनं आल्या आल्या विचारलं, "वार कुठाय?" तर खड्डा बुजवूनसुद्धा झाला होता. मी पोचले तेव्हा ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, वार अख्खी पडली की तुकडा आत राहिला, कुणी बघितलेलं नाही. लक्ष ठेवा."

दवाखान्यात नेल्यावर तिथं पाच-सहा दिवस राहा, सोनोग्राफी करून जा, असं सांगितलं होतं. पण पाचवीला सटवाई पुजायची ती घरातच पुजायला हवी. रविराजनं तिसऱ्या दिवशी स्वतःच्या जबाबदारीवर सही केली आणि बायकोला घरी आणलं. एवढं सगळं मला ठाऊक होतं आणि मी ओट्यावर सावलीला बसून खुणा करत होते.

दहाव्या दिवशी भर दुपारी माझ्या दारात हरणाबाई उभी राहिली. सत्तरीची बाई, हातात काठी, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. पणती झाल्याचं कळल्यावर दुधाच्या टेम्पोत बसून ती सकाळी वस्तीवर आली होती, आणि आता तीन किलोमीटर चालत माझ्याकडे.

"सुले, चल."

"आवं मावशी, बसा तरी. पाणी देते."

"पाणी नगं. मेंढीची वार आत राहिली का चवथ्या दिवशी जो वास सुटतो, तो सुटलाय घरात. मी दारातच वळाकला. धुरी इझवली तवा तर उभं राहवंना. पोरगी जाईल गं."

"मी तीन दिवसांपूर्वीच तर जाऊन आले."

"आत गेलीवतीस?"

मी चपला घातल्या. नवऱ्याला गाडी काढायला सांगितली.

वस्तीवर पोचलो तर शेगडी अंगणात उलटी पडलेली, पडदा ओढून काढलेला आणि बायडाबाई आरडाओरडा करत होती. म्हातारी आंघोळ न करता, मेंढरांच्या अंगानं, सरळ बाळंतिणीच्या खोलीत घुसली म्हणून. मी कुणाकडे न बघता आत गेले. धूर निघून गेल्यावर त्या खोलीत जे उरलं होतं ते नाकात शिरलं. चौदा वर्षांत हा वास मी दोनदाच घेतला होता. त्यातली एक बाई वाचली होती.

समीक्षाचे डोळे अर्धवट उघडे होते, ओठ वाळलेले. थर्मामीटर लावला तर पारा एकशे चारला टेकत होता. ओटीपोटाला नुसतं बोट लावलं तर किंचाळली. खाटेमागच्या दोरीवर जुन्या साडीच्या घड्या दमट, काळपट होऊन लोंबत होत्या. बाप्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून त्या उन्हात घातल्याच नव्हत्या. त्याच ती परत परत वापरत होती.

"कवापासनं हाय गं असं?" मी विचारलं. तिनं सासूकडे बघितलं आणि डोळे मिटले.

मी १०८ ला फोन केला. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावून त्यांनी तशीच सांगलीला पाठवली. गाडीत समीक्षा, बाळाला घेऊन बायडाबाई आणि मी. हरणाबाई कुणाला न विचारता चढली आणि नातसुनेच्या पायाशी बसली. सांगलीपर्यंत ती तळपाय चोळत होती.

रविराज दवाखान्याच्या दारातच होता. बायडाबाईनं त्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण समीक्षाला वरच्या मजल्यावर आत नेल्या नेल्या तो आजीवर उखडला.

"आज्जी, मेंढरातनं उठून सरळ बाळंतिणीच्या अंगावर? हात तरी धुवायचे हुतेस! जंतू म्हंत्यात त्याला, जंतू! तूच आणलंस ते."

"मी आले तवाच वास हुता रं."

"कशाचा वास? सातव्या दिवशी आशाताई येऊन गेल्या, समदं चांगलं हुतं. लिवल्यालं हाय त्यांच्याकडं. तू आलीस आणि आज बायकू मरायला टेकली. जा तू भाईर. हितं थांबू नगंस."

हरणाबाईनं माझ्याकडे बघितलं. मग काठी टेकत जिना उतरून गेली. मी तोंड उघडलं नाही. नोकरी डोळ्यांसमोर आली, रविराजचे लाल झालेले डोळे समोर होतेच, आणि मनात म्हटलं की पोरगी आता दवाखान्यात आहे, डॉक्टर आहेत, ते बघतील. माणूस दमलेलं असलं की असल्या पळवाटा बऱ्या सापडतात.

तासाभरानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुणच होत्या, पण डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं.

"ताप कधीपासून आहे? नीट आठवून सांगा," त्या म्हणाल्या. "गर्भपिशवीला आतून सूज आहे, जंतुसंसर्ग झालाय हे नक्की. सोनोग्राफीत काहीतरी दिसतंय, पण ती रक्ताची गाठ आहे की राहिलेली वार, ते सांगता येत नाही. त्रास आजचाच असेल तर मी शिरेतून औषधं देऊन उद्यापर्यंत थांबेन, कारण सुजलेली पिशवी साफ करताना तिला भोक पडायची भीती असते. पण आठवडाभर आत काही कुजत असेल, तर थांबून चालणार नाही. जंतू रक्तात गेले तर बाई हातची जाईल."

"आजचंच हाय," रविराज म्हणाला. "ताई, दाखवा की तुमचा फॉर्म."

मी पिशवीतून फॉर्म काढून दिला. डॉक्टरीणबाईंनी सातव्या दिवसाच्या रकान्यावरून बोट फिरवलं. ताप नाही, वास नाही, पोटदुखी नाही, आणि खाली माझी सही. "म्हणजे तोपर्यंत काहीच नव्हतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि वळल्या.

"मॅडम, तो फॉर्म खोटा आहे."

मी म्हणाले. त्या थांबल्या.

"मी आत गेले नाही. माझी पाळी होती, म्हणून दारातच बसून विचारलं आणि यांनी सांगितलं ते लिहिलं. तिला मी बघितलेलंच नाही. आणि वार ओढून काढली होती. ती अख्खी आहे का ते न बघता पुरून टाकली. हे मला माहीत होतं."

रविराज माझ्याकडे बघतच राहिला. डॉक्टरीणबाई बायडाबाईकडे वळल्या. "तुम्ही घरात होता. ताप कधीपासून?"

बायडाबाईनं बाळ छातीशी आवळून धरलं होतं. तिचा मघाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"पाचवीच्या आदल्या दिशीपासनं," ती म्हणाली. "थंडी वाजायची तिला. मला वाटलं दुधाचा ताप हाय. वास यायला लागला तवा धुरी वाढवली मी. दुसरं काय करावं सुचंना."

डॉक्टरीणबाईंनी सिस्टरला हाक मारून ऑपरेशनचं टेबल तयार करायला सांगितलं. जाता जाता मला विचारलं, "किती वर्षं झाली तुम्हाला या कामात?"

"चौदा."

त्यांनी फॉर्म माझ्या हातात परत दिला आणि आत गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ताई, तुमी न बघता लिवलंत?" रविराज म्हणाला.

"व्हय."

त्याला पुष्कळ बोलायचं होतं. पण आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि भिंतीला टेकून तो खालीच बसला. सही करून बायकोला घरी आणलं होतं ते त्यालाही आठवलं असणार.

मी खाली उतरले. हरणाबाई दवाखान्याच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली, लोकांनी टाकलेल्या पाण्याच्या बाटल्यांशेजारी बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"मावशी, सांगितलं मी. मी बाहेरची हुते, आत गेले नव्हते म्हणून. वास आधीपासनं हुता, तुमच्यामुळं काय झालेलं न्हाई."

ती म्हणाली, "माझी लेक हुती, अर्जुना. रवीच्या बापाच्या पाठची. माझ्याच दारात बाळंत झाली. तवा मी पण बाहेरची हुते. जाऊबाई आत आणि मी उंबऱ्याला. मला वास आला हुता. मेंढीचा वळाकते, लेकीचा वळाकणार न्हाई व्हय? पर बाईमाणसाला मेंढीगत कसं म्हणायचं, लोक काय म्हणतील, म्हणून गप बसले. अकराव्या दिशी गेली."

"मावशी..."

"मेंढी अडली तर मी कवा अडचण बघितली न्हाई. हात घालून कोकरू काढलंय. मेंढीला न्हाई लागत इटाळ."

मला रडू आलं. एवढं मोठ्यानं आलं की शेजारची बाई डबा खाता खाता थांबली. हरणाबाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही आणि मला तो नकोही होता.

थोड्या वेळानं रविराज आला. आजीसमोर उकिडवा बसला.

"आज्जी, आत नेलंय तिला. तू वर चल."

"नगं बाबा. माझ्या अंगाला मेंढरांचा वास येतोय."

"येऊ दे," तो म्हणाला, आणि तिला हाताला धरून उठवलं. जिन्याच्या बेसिनपाशी त्यानं स्वतः साबण लावून तिचे हात कोपरापर्यंत धुतले. पेशंटजवळ एकालाच सोडतात. तो पास त्यानं आजीच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की सुपारीएवढा वारेचा तुकडा निघाला, कुजलेला. पिशवी वाचली. औषधं अजून आठ-दहा दिवस चालतील. पुढं मूल राहील का, असं रविराजनं विचारलं तर त्या म्हणाल्या, आताच सांगता येणार नाही. तो मान हलवून बाजूला झाला.

मी आमच्या उपकेंद्राच्या सलिमा सिस्टरना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "लिहून द्यावं लागेल तुला, सुलाताई." मी म्हणाले, देते. इतक्या वर्षांत त्यांनी माझं नाव पहिल्यांदा घेतलं होतं.

निघायच्या आधी अकराच्या सुमारास मला समीक्षाजवळ सोडलं. दोन्ही हातांना सुया, चेहरा पिवळा पडलेला, पण डोळे उघडे होते. खाटेखाली हरणाबाई काठी उशाला घेऊन झोपली होती. मी बसले. काय बोलावं कळेना म्हणून बाळ दूध ओढतं का वगैरे विचारत राहिले, सगळे फॉर्मवरचेच प्रश्न.

ती जरा वेळानं म्हणाली, "ताई, त्या दिशी मी हाक मारली हुती."

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"धुरीनं आवाजच फुटंना माझा. तुमाला ऐकू गेली नसंल."

मला 'व्हय' एवढंच म्हणायचं होतं. बिचारीनं स्वतःच वाट करून दिली होती. त्या खोलीत धूर होता, पडदा होता, बायडाबाई मध्ये बोलली होती. कुणीही मान्य केलं असतं.

"गेली हुती," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग मान वळवून छताच्या पंख्याकडे बघत राहिली. मी पिशवीतून थर्मामीटर काढला, पदराला पुसला आणि तिच्या काखेत लावला. तिथल्या सिस्टरनं अर्ध्या तासापूर्वीच ताप बघून लिहून ठेवला होता. तिनं हात जवळ घेऊन तो दाबून धरला, आणि पारा चढेपर्यंत मी तिथंच बसून राहिले.